रकान्याचा मथळा हरवला, तर ४०००३७ म्हणजे काय?

कोऱ्या कागदावर ४०००३७ एवढेच लिहून कुणाच्या हाती दिले, तर त्याने त्याचा अर्थ काय लावावा? ती एखाद्या व्यवहाराची रक्कम असू शकेल, वीजग्राहकाचा क्रमांक असू शकेल किंवा एखाद्या शहराची लोकसंख्याही. आकड्यांच्या डोक्यावर ‘पिनकोड’ हा एक शब्द लिहिला, की तर्क थांबतात आणि डोळ्यांसमोर मुंबईतले अँटॉप हिल उभे राहते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत, लगतचे वडाळा ट्रक टर्मिनल आणि ‘एमएच ०३’ या मालिकेतील वाहनांची नोंदणी करणारे मुंबई (पूर्व) प्रादेशिक परिवहन कार्यालय, हा सारा परिसर त्या सहा अंकांत सामावतो. पण तो सामावतो, हे सांगण्याचे काम आकड्यांचे नाही. ते मथळ्याचे आहे.

पिनकोडची पद्धत देशात १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली. तिची आखणी केली केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. सहा अंकांपैकी पहिला अंक टपालाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाची छाननी करणारा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक पत्र घरोघर पोहोचवणाऱ्या टपाल कार्यालयाचे असतात. त्यापूर्वी मुंबईत पत्त्याखाली ‘मुंबई-३७’ असे लिहीत; नव्या पद्धतीतही तोच ३७ शेवटी कायम राहिला. पिनकोड दिसायला संख्या असला, तरी वागायला ती संख्या नाही. अँटॉप हिलच्या ४०००३७ मधून दादरचा ४०००२८ वजा केला, तर नऊ उरतात. त्या नऊचा अर्थ मात्र कुणालाही सांगता येणार नाही.

कागदी नोंदवहीत ही अडचण सहसा येत नाही. लिपिकाची नजर आपोआप पानाच्या माथ्याकडे जाते. कोणता रकाना नावाचा, कोणता तारखेचा, कोणता रिकामा ठेवला तरी चालतो आणि कोणता भरलाच पाहिजे, हे त्याला छापील मथळ्यांवरून आणि सरावाने ठाऊक असते. संगणकाच्या प्रोग्रॅमला अशी नजर नसते. त्याला रकान्यांविषयी जे काही कळायचे, ते विचारून घ्यावे लागते किंवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आधीच गृहीत धरून ठेवावे लागते. विचारणे आणि गृहीत धरणे यांतील फरकावर नागरिकांच्या कितीतरी नोंदींचा खरेखोटेपणा अवलंबून असतो. बँकेच्या पासबुकात, मतदार यादीत, मालमत्ता कराच्या देयकात किंवा वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रात आढळणाऱ्या काही चुकांचे मूळ या गृहीत धरण्यातच असते.

ओळींच्या आधी येणारी ओळख

डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला ‘क्वेरी’ म्हणतात. ‘अमुक पिनकोड असलेल्या वाहनमालकांची नावे आणि वाहन क्रमांक दे’ असा प्रश्न एसक्यूएल या भाषेत विचारला, की उत्तरादाखल ओळींमागून ओळी येतात. मात्र बहुतेक डेटाबेस या ओळींबरोबर आणखी एक मजकूर धाडतात. त्यात उत्तरात किती रकाने आहेत, प्रत्येकाचे नाव काय, तो कोणत्या प्रकारचा आहे, त्यात किती मोठा मजकूर मावतो, असा तपशील असतो. माहितीविषयीच्या या माहितीला ‘मेटाडेटा’ म्हणतात.

पोस्टग्रेसक्यूएल या मुक्त डेटाबेसचे उदाहरण पाहता येईल. प्रश्नाचे उत्तर पाठवताना तो प्रथम रकान्यांचे वर्णन करणारा स्वतंत्र संदेश पाठवतो आणि त्यानंतरच एकेक ओळ सोडतो. या वर्णनात प्रत्येक रकान्याविषयी सात गोष्टी असतात. रकान्याचे नाव, तो ज्या तक्त्यातून आला त्या तक्त्याचा अंतर्गत क्रमांक, त्या तक्त्यातील त्याचे स्थान, प्रकाराचा क्रमांक, प्रकाराचा आकार, प्रकाराला घातलेली मर्यादा आणि मूल्य मजकूर म्हणून येणार की द्विमान स्वरूपात, हे त्या सात गोष्टींतून कळते. प्रकारांचे क्रमांक ठरलेले आहेत. २३ म्हणजे साधा पूर्णांक, १०८२ म्हणजे तारीख, १०४३ म्हणजे मर्यादित लांबीचा मजकूर. मर्यादेच्या आकड्यात एक जुनी खोड आहे. रकाना ५० चिन्हांचा ठरवला असेल, तर वर्णनात ५४ येतात, कारण अंतर्गत नोंदीची चार बाइट त्यात मिळवलेली असतात. ही चार वजा करण्याचे काम मधला दुवा करतो. या दुव्याला संगणकाच्या परिभाषेत ‘ड्रायव्हर’ म्हणतात. परिवहन कार्यालयाच्या संदर्भात हा शब्द घोटाळा करणारा आहे खरा, पण येथे तो वाहन हाकणारा नव्हे, तर प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यामधला दुभाषी आहे.

उत्तरात एकही ओळ नसली, तरी हे वर्णन येते. प्रश्नाला जुळणारे एकही वाहन सापडले नाही, तरी ‘नाव’, ‘पिनकोड’, ‘नोंदणीची तारीख’ हे मथळे आणि त्यांचे प्रकार प्रोग्रॅमच्या हाती पडतात. कोऱ्या पानावरही मथळे छापलेले असावेत, तसेच हे.

या व्यवस्थेची वैचारिक बैठक एडगर कॉड यांनी घातली. आयबीएममध्ये काम करणाऱ्या या इंग्रज गणितज्ञाने जून १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवण्याचा विचार मांडला. रकान्यांचा क्रम लक्षात ठेवण्याची सक्ती वापरणाऱ्यावर नसावी, त्याने रकान्याला नावाने ओळखावे, हा आग्रह त्या निबंधातच आहे. पुढे १९८५ मध्ये त्यांनी डेटाबेससाठी जे नियम सांगितले, त्यांतील एक असा की, तक्त्यांचे वर्णनही तक्त्यांमध्येच ठेवलेले असावे आणि ते नेहमीच्याच भाषेत विचारता यावे. १९९२ च्या एसक्यूएल मानकात ‘इन्फर्मेशन स्कीमा’ या नावाने याला रूप मिळाले. मात्र ते डेटाबेसच्या कोठारातील सर्व तक्त्यांचे वर्णन झाले. एखाद्या प्रश्नाच्या उत्तरात चार तक्त्यांतले रकाने एकत्र आले असतील, काही रकाने बेरीज करून नव्याने तयार झाले असतील. त्या उत्तराचे स्वतःचे वर्णन त्या कोठारात नसते. ते उत्तराबरोबरच यावे लागते.

विचारण्याची रीत प्रत्येक भाषेत थोडी निराळी आहे. जावात उत्तराच्या संचाला ‘गेटमेटाडेटा’ अशी विनंती केली, की वर्णनाची वस्तू मिळते. तिच्याकडे ‘गेटकॉलमकाउंट’ने रकान्यांची संख्या विचारता येते, ‘गेटकॉलमलेबल’ने मथळा, ‘गेटकॉलमटाइप’ने प्रकार, ‘इझनलेबल’ने रकाना रिकामा राहू शकतो की नाही. जावातील याद्या शून्यापासून मोजल्या जातात, रकाने मात्र एकपासून. नवशिक्यांचा पहिला ठेचकाळा हमखास येथेच लागतो. पीएचपीच्या ‘पीडीओ’ या पद्धतीत उलट आहे. रकान्याची माहिती मागताना तेथे मोजणी शून्यापासून सुरू होते. पायथनमध्ये १९९९ च्या एका प्रमाण-संकेतानुसार उत्तरासोबत ‘डिस्क्रिप्शन’ नावाची यादी येते. तिच्यात प्रत्येक रकान्यासाठी सात जागा असतात, पण नाव आणि प्रकार एवढ्या दोनच बंधनकारक. मोबाइल फोनमध्ये सर्रास वापरला जाणारा एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस तर पायथनला फक्त नाव सांगतो. उरलेल्या सहाही जागा तो रिकाम्या ठेवतो. सात जागा दिसल्या म्हणून सात उत्तरे मिळतीलच, असे नाही.

एक रकाना, दोन नावे

या साऱ्याची गरज का भासते, हे वाहन नोंदणीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. प्रत्यक्ष कार्यालयातील संगणकाची रचना कशी आहे, याच्याशी या उदाहरणाचा संबंध नाही. समजुतीसाठी दोन साधे तक्ते कल्पू. एका तक्त्यात वाहनमालक आहेत. त्यात ‘नाव’ हा रकाना आहे. दुसऱ्या तक्त्यात वाहनासाठी कर्ज देणाऱ्या बँका आणि वित्तसंस्था आहेत. त्यातही ‘नाव’ हाच रकाना आहे. कर्ज काढून घेतलेल्या वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर कर्ज देणाऱ्या संस्थेचाही उल्लेख असतो, हे वाहनधारकांना ठाऊक आहे. तेव्हा प्रमाणपत्र छापण्यासाठी दोन्ही तक्ते जोडून एकच प्रश्न विचारला जाणार, हे उघड आहे. उत्तरात ‘नाव’ नावाचे दोन रकाने येणार, हेही उघड आहे.

आता प्रोग्रॅम म्हणतो, ‘नाव’ या रकान्यातील मूल्य दे. जावात अशा वेळी पहिला जुळणारा रकाना मिळतो, म्हणजे मालकाचे नाव. पीएचपीत ओळीचे रूपांतर नावे आणि मूल्ये यांच्या जोड्यांत केले, तर नंतर आलेला रकाना आधीच्यावर बसतो आणि हाती येते बँकेचे नाव. प्रश्न तोच, डेटाबेस तोच, ओळही तीच. एका खिडकीवर गाडी मालकाची राहते, दुसऱ्या खिडकीवर ती बँकेची होते. कोणताही प्रोग्रॅम येथे ‘चूक झाली’ असा संदेश देत नाही, कारण दोन्ही भाषांच्या नियमांनुसार चूक झालेलीच नसते.

वर्णन विचारणारा प्रोग्रॅम येथे सावध होतो. रकान्यांची नावे मागून घेऊन त्यांत कोणते दोनदा आले आहे का, एवढे पाहिले, तरी घोटाळा छपाईच्या आधीच उघडकीस येतो. त्यावर उपायही सोपा आहे. प्रश्न विचारतानाच ‘अ‍ॅज’ हा शब्द वापरून एका रकान्याला ‘मालकाचे नाव’ आणि दुसऱ्याला ‘वित्तसंस्थेचे नाव’ असे टोपणनाव द्यायचे.

टोपणनाव दिले, की नवा पेच येतो. रकान्याला आता दोन नावे झाली. एक तक्त्यात जन्मतः मिळालेले, दुसरे या उत्तरापुरते दिलेले. जावात ‘गेटकॉलमनेम’ आणि ‘गेटकॉलमलेबल’ अशा दोन विनंत्या आहेत, त्या यासाठीच. पहिलीने मूळ नाव मिळावे आणि दुसरीने टोपणनाव, असा संकेत आहे. मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरने ५.१ या आवृत्तीपासून तो काटेकोरपणे पाळायला सुरुवात केली. त्यामुळे तोवर ‘गेटकॉलमनेम’ वापरून टोपणनावे मिळवणारे अनेक जुने प्रोग्रॅम एका अद्ययावतीकरणात कोलमडले. पोस्टग्रेसक्यूएलचा ड्रायव्हर मात्र दोन्ही विनंत्यांना टोपणनावच सांगतो. मथळा छापायचा असेल किंवा उत्तरातील मूल्य शोधायचे असेल, तर ‘लेबल’ विचारावे, हे दोन्हीकडे चालते.

टोपणनाव न देता काही मोजणी किंवा आकडेमोड विचारली, तर रकान्याला काय नाव पडेल, हे डेटाबेसच्या लहरीवर असते. पोस्टग्रेसक्यूएल साध्या बेरीज-वजाबाकीच्या रकान्याला दोन प्रश्नचिन्हांमध्ये ‘कॉलम’ हा शब्द घालून मोकळा होतो. ऑरॅकल लिहिलेले सूत्रच मोठ्या लिपीत परत करतो. एसक्यूलाइटचे कर्ते तर स्पष्टच सांगतात की, टोपणनाव दिले नसेल, तर रकान्याचे नाव पुढच्या आवृत्तीत बदलू शकेल. रोमन लिपीतील नावांना लहान-मोठ्या अक्षरांचाही जाच आहे. अवतरणात न ठेवलेले नाव ऑरॅकल मोठ्या लिपीत नेतो, पोस्टग्रेसक्यूएल लहान लिपीत. देवनागरीला हा त्रास नाही. तिचा त्रास वेगळा आहे, त्याकडे पुढे येऊ.

शून्य, रिकामे आणि अज्ञात

नावाइतकाच महत्त्वाचा प्रश्न रकाना रिकामा असण्याचा आहे. डेटाबेसमध्ये ‘नल’ नावाची एक अवस्था असते. तिचा अर्थ शून्य नव्हे आणि कोरा मजकूरही नव्हे. तिचा अर्थ ‘माहिती नाही’. कराच्या थकबाकीचा रकाना ‘नल’ असेल, तर थकबाकी किती हे ठाऊक नाही, एवढेच म्हणता येते. जावात मात्र हाच रकाना पूर्णांक म्हणून मागितला, तर हाती शून्य येते. ते शून्य खरे की ‘नल’चे रूपांतर, हे लगेच ‘वॉझनल’ अशी पृच्छा करून तपासावे लागते. ते न केल्यास थकबाकी ठाऊक नसलेल्या वाहनाला ‘थकबाकी नाही’ असा दाखला मिळू शकतो. उलट दिशेनेही नुकसान होते. भरलेल्या कराची रक्कम नोंदवायची राहून गेली असेल, तर प्रामाणिक करदात्याच्या नावापुढे शून्य भरणा दिसतो आणि पावत्या घेऊन खेटे घालण्याची पाळी त्याच्यावर येते.

रकाना ‘नल’ असू शकतो का, हेही वर्णनातून विचारता येते. गंमत अशी की, जावात या प्रश्नाला तीन उत्तरे आहेत. ‘असू शकत नाही’, ‘असू शकतो’ आणि ‘सांगता येत नाही’. पोस्टग्रेसक्यूएलच्या सात गोष्टींत या प्रश्नाचे उत्तर नसल्याने त्याच्या ड्रायव्हरला त्यासाठी डेटाबेसच्या कोठारात जाऊन वेगळी चौकशी करावी लागते. एक प्रश्न विचारला, असे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात दोन विचारले गेलेले असतात. हजारो ओळींमागे प्रत्येक वेळी ही चौकशी केली, तर प्रोग्रॅम रेंगाळतो. म्हणून वर्णन एकदाच मागून घ्यावे आणि ओळी वाचताना जवळ ठेवावे.

०३ चे तीन

प्रकाराकडे दुर्लक्ष केल्याचे परिणाम अधिक चमत्कारिक असतात. ‘एमएच ०३’ मधील ०३ हा कार्यालयाचा संकेत आहे. तो संख्येच्या रकान्यात ठेवला, की पुढचे शून्य गळते आणि तीन उरतो. पिनकोडचे शेवटचे तीन अंक वेगळ्या रकान्यात संख्या म्हणून ठेवले, तर ०३७ चे ३७ होतात, म्हणजे नेमका १९७२ पूर्वीचा टपाल क्रमांक. जुन्या आणि नव्या नोंदी एकत्र केलेल्या यादीत असा ३७ दिसला, तर तो खरोखरच जुना की शून्य गळालेला, हे त्या आकड्याकडे पाहून सांगता येत नाही.

भारतातील पिनकोड शून्याने सुरू होत नसल्यामुळे पूर्ण सहा अंकी पिनकोड संख्येच्या रकान्यात ठेवला, तरी तो शाबूत राहतो. त्यामुळे अनेक ठिकाणी तो तसाच ठेवलेला असतो आणि वर्षानुवर्षे काही बिघडत नाही. बिघडते ते त्याच तक्त्यात परदेशातला पत्ता आल्यावर. न्यू जर्सीतील एडिसन या शहरात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तेथील एक टपाल संकेत ०८८२० असा आहे. अँटॉप हिलच्या आईवडिलांचा पत्ता सुखरूप राहतो आणि एडिसनच्या मुलाचा ८८२० होऊन बसतो. वर्णनात रकान्याचा प्रकार २३, म्हणजे पूर्णांक, असा दिसला असता, तर पहिले परदेशी पाकीट छापण्याआधीच हा दोष ध्यानात आला असता. पायथनमध्ये आकडेमोडीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘पांडाज’ या साधनाची तऱ्हा आणखी निराळी आहे. पूर्णांकांच्या रकान्यात एखादे जरी ‘नल’ असले, तरी तो नेहमीच्या पद्धतीने संपूर्ण रकाना दशांशात नेतो आणि पिनकोड ४०००३७.० असा छापला जातो. टपाल संकेतात दशांश चिन्ह आलेली पाकिटे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना त्यामागचे कारण आता कळेल.

डेटाबेसमधले उत्तर एक्सेलमध्ये उघडण्यासाठी ‘सीएसव्ही’ फाइलमध्ये उतरवले जाते, तेव्हा तर वर्णनाचा मोठा भाग मागेच राहतो. अशा फाइलमध्ये मथळ्यांची ओळ जाते, प्रकार जात नाहीत. मग एक्सेल स्वतःच प्रकारांचा अंदाज बांधतो. समजा, वाहन क्रमांकातील राज्याचा संकेत वेगळा काढून उरलेला भाग ‘०३ई१२३’ असा रोमन लिपीत लिहिला. एक्सेलच्या दृष्टीने ही तीन गुणिले दहाचा एकशे तेविसावा घात अशी प्रचंड संख्या ठरते. एका साध्या दुचाकीच्या क्रमांकाचे खगोलशास्त्र होते.

तारखांचे असेच. ०३/०४/२०१५ हा मजकूर असेल, तर ती ३ एप्रिल की ४ मार्च, हे वाचणाऱ्याच्या देशावर ठरते. रकान्याचा प्रकार ‘तारीख’ असेल, तर हा संदेह उरत नाही, कारण डेटाबेस दिवस, महिना आणि वर्ष निःसंदिग्धपणे जपतो. खासगी वाहनाची पहिली नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. मुदत कोणत्या दिवशी संपते, हे मोजणाऱ्या प्रोग्रॅमने प्रथम हा रकाना तारखेचा आहे की मजकुराचा, एवढे विचारले, तरी महिनाभराची चूक टळते.

पाच अक्षरे, पंचवीस बाइट

वर उल्लेखलेला देवनागरीचा त्रास लांबीचा आहे. ‘अँटॉप हिल’ हे नाव दिसायला पाच अक्षरांचे. युनिकोडच्या हिशेबात त्यात नऊ चिन्हे आहेत. अ, चंद्रबिंदू, ट, त्यावरील मात्रा, प, मोकळी जागा, ह, वेलांटी आणि ल. प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते आणि मोकळी जागा एक. एकूण पंचवीस बाइट. तेच नाव काही कळफलकांवर ‘अ’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून ‘अ‍ॅंटॉप हिल’ असे उमटते. तेव्हा चिन्हे अकरा होतात आणि बाइट एकतीस. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे तिसरा मार्गही उपलब्ध आहे. डोळ्यांना जवळपास सारखी दिसणारी ही नावे शोधताना एकमेकांशी जुळत नाहीत, हे आणखी एक दुखणे.

रकान्याची लांबी २५ आहे असे वर्णन सांगते, तेव्हा ती पंचवीस चिन्हे की पंचवीस बाइट, हे पाहावे लागते. ऑरॅकलमध्ये वेगळे काही ठरवले नसेल, तर मोजणी बाइटमध्ये होते. तेथे ‘अँटॉप हिल’ काठोकाठ मावते, दुसरे रूप नाकारले जाते. मायएसक्यूएलमध्ये रकान्याची लांबी चिन्हांमध्ये ठरते, पण उत्तरासोबत पाठवलेल्या वर्णनात ती बाइटमध्ये येते. चार बाइटपर्यंतची चिन्हे सामावणाऱ्या लिपीसंचात २५ चिन्हांच्या रकान्यापुढे १०० हा आकडा दिसतो. तो जसाच्या तसा खरा मानून शंभर अक्षरी नाव स्वीकारणारा अर्ज तयार केला, तर नाव मध्येच तुटते. २०१५ साली आलेल्या ५.७ या आवृत्तीपासून मायएसक्यूएल अशी नोंद मूळ मांडणीत नाकारतो. त्याआधी तो केवळ इशारा देऊन नाव कापून ठेवत असे.

रकान्यांच्या मथळ्यांनाही ही कात्री लागते. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये रकान्याला देवनागरीत नाव देता येते, परंतु नावाची मर्यादा त्रेसष्ट बाइटची आहे. ‘वाहनमालकाचे_संपूर्ण_नाव’ या मथळ्यात देवनागरीची एकवीस चिन्हे आणि दोन अधोरेखा आहेत, म्हणजे पासष्ट बाइट. डेटाबेस शेवटचा ‘व’ कापतो, तशी सूचना देतो आणि पुढे जातो. प्रोग्रॅमने नंतर वर्णन मागितले, तर त्याला ‘वाहनमालकाचे_संपूर्ण_ना’ असे उत्तर मिळते.

मथळा सांगत नाही ते

या वर्णनाकडून अवाजवी अपेक्षाही ठेवू नयेत. रकाना पूर्णांकाचा आहे, हे ते सांगते. तो पिनकोड आहे, हे सांगत नाही. वजनाचा रकाना किलोग्रॅममध्ये की टनांमध्ये, रक्कम रुपयांत की पैशांत, हे त्यात नसते. ‘तारीख’ एवढाच मथळा असेल, तर ती खरेदीची, नोंदणीची की हस्तांतरणाची, हे तक्ता रचणाऱ्यालाच ठाऊक. काही डेटाबेसमध्ये रकान्यावर टिपण लिहून ठेवण्याची सोय असते, परंतु ते टिपण उत्तराबरोबर येत नाही. कोठारातून वेगळे मागवावे लागते आणि बहुधा ते कुणी लिहिलेलेच नसते.

वर्णनाच्या आधाराने ‘येतील ते सगळे रकाने दाखवा’ असा सर्वसाधारण प्रोग्रॅम लिहिणे फार सोपे आहे. रकाने किती हे विचारायचे, मथळे छापायचे, ओळी छापायच्या. कोणताही तक्ता दिला तरी चालते. सोयीची असली, तरी ही पद्धत जपून वापरायला हवी. मालकांच्या तक्त्यात उद्या मोबाइल क्रमांकाचा नवा रकाना जोडला गेला, तर असा प्रोग्रॅम तोही निमूटपणे पडद्यावर आणतो. कुणी परवानगी दिली, हे विचारण्याची त्यात जागाच नसते. वाहन नोंदणीच्या माहितीबाबत हा प्रश्न काल्पनिक नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहने आणि वाहन परवाने यांची माहिती घाऊक स्वरूपात पुरवण्याचे धोरण २०१९ मध्ये आणले होते. खासगीपणाविषयीच्या आक्षेपांनंतर २०२० मध्ये ते मागे घेण्यात आले. कोणत्या ओळी द्यायच्या, याइतकाच कोणते रकाने द्यायचे, हा त्या वादाचा गाभा होता.

म्हणून जाणते प्रोग्रॅमर वर्णनाचा उपयोग उलट दिशेने करतात. अपेक्षित रकान्यांची यादी ते प्रोग्रॅममध्ये आधीच लिहून ठेवतात आणि काम सुरू होताना आलेले वर्णन त्या यादीशी ताडून पाहतात. रकाना कमी असेल, जास्त असेल, नाव दोनदा आले असेल किंवा मजकुराच्या जागी संख्या आली असेल, तर पहिली ओळ वाचण्याआधीच प्रोग्रॅम थांबतो आणि कारण नोंदवतो. त्यासाठी एकही नोंद वाचावी लागत नाही. नेहमीच्याच प्रश्नाला ‘एक बरोबर शून्य’ अशी कधीही खरी न होणारी अट जोडली, की डेटाबेस ओळी देत नाही, पण रकान्यांचे संपूर्ण वर्णन देतो. लाखो वाहनांच्या तक्त्यालाही या प्रश्नाचे उत्तर द्यायला क्षणभर पुरतो.